हँगरवाले बाबूजी

आमगावहून देवरीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत बाबूजी चढत ते बाह्या असलेली बनियन घालून. खाली कडक पॅन्ट, पायात पॉलिश केलेले बूट आणि हातात लाकडी हँगर. हँगरवर इस्त्रीचा शर्ट, त्यावर जुन्या धोतराची शिवलेली खोळ. कंडक्टरच्या सीटमागच्या दांडीला हँगर अडकवला की मगच ते बसत. नवखे प्रवासी हसायचे. बाबूजी खिडकीबाहेरचे धानाचे बांध बघत राहत.

देवरीला एका सरकारी कार्यालयात ते वरिष्ठ लिपिक होते आणि मी नुकताच लागलेला कनिष्ठ. आम्ही दोघेही आमगावचे, त्यामुळे जाणे-येणे बरोबरच. बसस्टँडच्या नळावर तोंड धुऊन, अंग कोरडे करून ते शर्ट चढवत. समोरचे टोक सरळ ओढून, दोन्ही बाजूंचा ढिला कपडा मागे दुमडून खोचत. ऑफिसात शिरताना वाटावे, हा माणूस आत्ताच घरून निघाला आहे.

मी मात्र घरून शर्ट घालून निघे आणि देवरीला उतरेपर्यंत त्याची पार घडी विस्कटलेली असे. एकदा त्यांनी विचारले, "इस्त्री केल्या केल्या घालतोस ना?"

"हो. का?"

"गरम शर्ट आंगावर चढवला का तो बसल्या बसल्या चुरगरते. थंडा होऊ देत जा."

पावसाळ्यात हँगर नेणे अवघड. तेव्हा शर्टाच्या गुंड्या लावून तो टॉवेलच्या गुंडाळीवर हलक्या हाताने गुंडाळायचा, हेही त्यांनीच शिकवले. मी एकदा न चुरगळणाऱ्या कापडाचा महाग शर्ट घेतला. त्यांनी दोन बोटांत कॉलर धरून पाहिली. "हा घाम पेत नाही. याच्यात शर्ट चांगला राहीन, मानूस उकडून जाईन."

हे सगळे कशासाठी, असे मी एका संध्याकाळी परतीच्या बसमध्ये विचारले. त्यांनी सहज सांगितले. पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला ते उभ्याने प्रवास करून गेले होते. शर्टाचा पार चोळामोळा झालेला. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना शिपाई समजून पाणी आणायला पाठवले.

"मग?"

"मंग काय? त्या दिवसी पानी आनून देलो. दुसऱ्या दिवसी हँगर आनलो."

पण दुसऱ्याच्या कपड्यांवर त्यांची नजर कधी गेली नाही. चिखलाने भरलेल्या धोतरात कोणी टेबलासमोर आला तरी आधी खुर्ची, मग काम. मी एकदा त्यावर काही बोललो, तर म्हणाले, "माझी इस्त्री माझ्यासाठी आहे. समोरच्याची कायले पाहू?"

निवृत्तीला दोनेक वर्षे असताना त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, जीभही थोडी जड झाली. ते आता येत नाहीत, असे ऑफिसात सगळे धरूनच चालले. तिरोड्याला नोकरी करणारा मुलगा म्हणाला, "बाबा, आता घरी बसा." बाबूजी काही महिन्यांनी डॉक्टरचा कागद घेऊन हजर व्हायला निघाले. काम झेपते का, ते बघून साहेब ठरवणार होते.

त्या सकाळी बसमध्ये हँगर डाव्या हातात होता. कंडक्टरने तो घेतला आणि दांडीला अडकवला. देवरीला उतरल्यावर बाबूजींनी उजवा हात बाहीत घातला, मग डावा. गुंड्या लावायला मी पुढे झालो.

"थांब."

"बाबूजी, उशीर होऊन राहिला."

"होऊ दे. आज साहेब माझा हातच तर पाहनार आहेत."

डाव्या हाताच्या अंगठ्याने ते एकेक गुंडी काजात ढकलत होते. एक निसटली, पुन्हा धरली. स्टँडवरची माणसे बघत होती. मी घड्याळ पाहत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र घाई नव्हती. घरी याचा सराव चालला होता, हे त्या अंगठ्याकडे पाहूनच कळले. सगळ्या गुंड्या लागल्या. मग शर्ट खोचून ते पुढे निघाले, मी मागे.

साहेबांनी विचारले, "बाबूजी, जमेल का?"

"हळू जमन साहेब. पन जमन."

साहेबांनी समोरचा कोरा कागद पुढे सरकवला. बाबूजींनी डाव्या हाताने आपले नाव आणि हजर झाल्याचा अर्ज लिहिला. अक्षर वाकडे होते, पण वाचता येत होते. साहेब उठले, दारापर्यंत त्यांच्यासोबत आले. टेबलाजवळ एक म्हातारी केव्हाची उभी होती. बाबूजींनी तिला खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "बोला बाई, काय काम आहे?"

निवृत्तीपर्यंतचा उरलेला काळ त्यांनी पुरा केला. गेल्या हिवाळ्यात ते गेले. अंत्ययात्रेला देवरीहून माणसे आली होती, त्यातली निम्मी मला ओळखू आली नाहीत. ती त्यांच्या टेबलासमोर कधीतरी बसून गेलेली माणसे होती.

मला मात्र आठवते ती त्यांच्या निवृत्तीची संध्याकाळ. साहेबांनी गाडी देऊ केली होती, पण ते बसनेच निघाले. मांडीवर हार आणि शाल. आमगाव जवळ आले तसे म्हणाले, "उद्या कोनता शर्ट घालाचा, हे आज ठरवाचंच नाही."

मी म्हटले, "मग आता काय करणार?"

"आता?" ते उठून दांडीवरचा रिकामा हँगर काढत म्हणाले, "आता मनात येईन तो घालीन."