डाव्या हातातला चुडा

धाड गावच्या बाजारात हिरव्या काचेच्या बांगड्यांची किणकिण ऐकली की अजून मला आईचा डावा हात आठवतो. आईचं डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. ती बरी झाली म्हणून सगळे खुशीत होते, आणि मामेभावाच्या हळदीला बांगड्या भरणाऱ्या चाचीनं तिच्या दोन्ही हातांत चुडा भरला. दुपारपर्यंत डावा हात कोपरापर्यंत सुजला, बोटं निळी पडली. साबण लावला, तेल लावलं, तरी बांगड्या जागच्या हलेनात. मी पकड उचलली तशी आई किंचाळली, "फोडू नको, तुहे बाबा जिते हायेत!" मी फोन लावला तर मोठ्या दवाखान्यातली सिस्टर माझ्यावरच ओरडत होती, त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात, हात सुजणारच, त्या हातात काही घालायचं नाही, कागदावर लिहून दिलंय ना! दिलं होतं, पण इंग्रजीत. तेवढ्यात मांडवातून बाबा धावत आले. त्यांनी माझ्या हातून पकड घेतली, आईचा हात स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मी जिता हाओ ना, मंग तू काऊन भेतं?" एकेक बांगडी त्यांनीच फोडली. नंतर काचाही त्यांनी स्वतःच वेचल्या. आज आईच्या फाइलवर सगळ्यात वर त्यांच्याच मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं आहे: डावा हात मोकळा ठेवा.