भावजींचं साबणाचं पाणी

माझ्या धाकट्या दिरांचं ऑफिसांच्या गर्दीत फ्रेंच पेस्ट्रीचं दुकान आहे. गल्ल्यावर मी बसते. परदेशी जाऊन आल्यापासून त्यांच्यापुढे पाव म्हटलेलंही खपत नाही. कामगारांनी उरलेली क्रोसाँ, म्हणजे माझ्या भाषेत लोण्याचे पाव, घरी नेऊ नयेत म्हणून संध्याकाळी ते त्यांवर साबणाचं पाणी ओततात.

“भावजी, अन्न आहे हो ते! देव बघतो.”

“वहिनी, देव काय गिऱ्हाईक आहे?”

काल समोरच्या बँकेने संध्याकाळच्या पार्टीसाठी क्रोसाँचे दोन ट्रे मागवले होते. आवडले तर रोजची ऑर्डर मिळणार होती. भावजींनी घाईघाईत उरलेला माल समजून त्याच ट्रेंवर पाणी ओतलं. एकाही कामगाराने त्यांना अडवलं नाही. बँकेचा शिपाई रिकाम्या हाताने परत गेला, ऑर्डरही गेली. भावजी डोकं धरून बसले. मला वाईट वाटलं, पण ते लोण्याचं.