सात पाण्यांनी धुतलेले दगड

इस्पितळात तिला सगळे वाफमावशी म्हणत. शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायच्या खोलीत तिने एकतीस वर्षं काढली, आणि तिच्या हातची एकही कात्री किंवा चिमटा कुणी कधी परत पाठवला नाही. भलेभले सर्जन तिच्या दाराशी मुकाट्याने चपला काढत. ती निवृत्त झाली, हात काही झाले नाहीत. घरात पाहुण्याचा कप सुद्धा ती आधी उकळायची. ओळखीचे म्हणायचे, हिच्याकडे फार वेळ बसू नका, आपल्यालाही पातेल्यात घालेल.

पण बाई उपकार विसरणारी नव्हती. आणि तिच्यावर एकाच माणसाचे उपकार होते, खालच्या मजल्यावरच्या रेडिओकाकांचे. काका उमेदीत बोटींवर रेडिओ सांभाळायचे, म्हणून हे नाव. तिचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा तिची दुपारची पाळी होती. काका रोज दोनच्या ठोक्याला वर येत, खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसत आणि ती परतली की उठत. आठ महिने, एका दिवसाचाही खाडा नाही. नवरा गेल्यावर तिने आभार मानायला तोंड उघडलं, तर काका म्हणाले, "चहात साखर कमी पडलीय," आणि विषय संपला. ते आभार सहा वर्षं तिच्याजवळ न म्हणताच राहिले होते.

म्हणून काका मुलीकडे कायमचे राहायला निघाले आणि त्यांच्या माशाचा प्रश्न आला, तेव्हा तिने मागचापुढचा विचार केला नाही.

काकांची खाऱ्या पाण्याची टाकी अठरा वर्षांची. तिचे सांधे पाझरायला लागले होते, ती हलवणं शक्य नव्हतं. आत एकच मासा उरला होता. बोटाएवढा, निळ्या अंगावर केशरी नक्षी, समुद्रातल्या प्रवाळांत राहणारा. सदानकदा नटलेला आणि खाण्यापिण्याचे नखरे, म्हणून काका त्याला नवरदेव म्हणत.

"मी सांभाळते त्याला," वाफमावशी म्हणाली.

काकांनी टाकीकडे पाहिलं. "तो नाजूक आहे गं."

"मी काय आडदांड आहे?"

दुसऱ्याच दिवशी ती टाक्यांच्या दुकानात गेली. दुकान चालवणारी बाई ठेंगणी, मिठाने हात फुटलेली, आणि कुणाच्या बापाला न भिणारी. वाफमावशीने कपाटावर मावेल अशी छोटी टाकी दाखवली. "ही द्या. एवढुशा माशाला एवढी पुरे."

"ताई, चूक तिथेच होते सगळ्यांची," टाकीवाली म्हणाली. "छोट्या टाकीत पाणी बिघडायला एक दुपार पुरते. मोठं पाणी चुका पोटात घालतं. चार फुटी घ्या."

मग तिने एकेक गोष्ट समजावली. पाण्याचा जोर मंद हवा, हा मासा पोहण्यापेक्षा रांगतो जास्त. सोबतीला दांडगे मासे नकोत, ते याच्या तोंडचं पळवतील. ऊन येईल तिथे टाकी नको. आणि बाजूला जाळीमागे एक छोटा कप्पा हवा, माशाचं खाद्य तिथे निवांत वाढेल. "आणि दगड काकांचेच घ्या. अर्धे आत्ता टाकीत लावा, सहा आठवडे थांबा, मग मासा न्या."

वाफमावशीने सगळं कागदावर उतरवून घेतलं. ऊन न येणारी, चार फूट मोकळी भिंत घरात एकच होती, नवऱ्याचा पलंग होता तिथली. पलंग तिने आतल्या खोलीत सरकवला आणि टाकी बसवून घेतली. काकांनी दगडांची पहिली बादली वर आणून दिली.

बादलीत बघून तिच्या अंगावर शहारा आला. दगडांवर शेवाळ, बुळबुळीत थर, भोकांतून डोकावणारे केसाएवढे किडे. वासाचं तर विचारूच नका. "बिचाऱ्या म्हाताऱ्याला आताशा होत नसेल," ती मनात म्हणाली. तिने हातमोजे चढवले. ब्रश, मग जंतुनाशक, पुन्हा ब्रश, मग सात पाणी, मग गच्चीवरचं कडक ऊन. दगड शंखासारखे पांढरेशुभ्र निघाले. एवढ्या वर्षांत काकांसाठी आपण पहिल्यांदा काहीतरी केलं, असं वाटून तिला खरोखर भरून आलं. उरलेले दगडही शेवटच्या दिवशी याच वाटेने गेले. काकांनी पिशवीतला मासा दारातच तिच्या हाती देऊन गाडी गाठली, आणि तो नव्या पाण्यात सुखरूप उतरला.

पाणी आरशासारखं होतं. ज्याने त्याने तोंडभर कौतुक केलं. नवरदेव मात्र दगडावरून दगडावर फिरायचा, चोच मारल्यासारखं करायचा आणि पुढे सरकायचा. तिने दाणे टाकले, त्याने ढुंकून पाहिलं नाही. बाराव्या दिवशी त्याचं पोट खपाटीला गेलेलं तिला दिसलं आणि तिने टाकीवालीला बोलावून घेतलं.

टाकीवालीने काचेला भिंग लावलं. एकेक दगड न्याहाळला.

"ताई, यात काहीच राहत नाहीये."

"मग? राहायला नकोच ना!" वाफमावशी अभिमानाने म्हणाली.

"दगडांना काय केलंत?"

तिने सांगितलं. सात पाण्यांसकट सांगितलं. टाकीवालीने कपाळाला हात लावला. "अहो, ते दगड नव्हते, विरजण होतं! त्यातले बारीक जीव वेचून हा दिवसभर खातो. दाणे तो ओळखतच नाही. अठरा वर्षांचं विरजण धुतलंत तुम्ही."

वाफमावशीने आपल्या हातांकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या हातांची शाबासकी घेतली, त्याच हातांनी काकांचा एकुलता एक जीव उपाशी मारायला घेतला होता. तिला रडू आवरेना.

"रडा नंतर," टाकीवाली म्हणाली. तासाभरात ती ओल्या कागदांत गुंडाळलेले चार दगड आणि हिरवट पाण्याची बाटली घेऊन परत आली. दगड दुकानातल्या तिच्या स्वतःच्या टाकीतले होते. बाटलीतलं पाणी उजेडात धरलं तर आत पांढरे ठिपके तुरुतुरु पळत होते. "उद्यापर्यंत याने टिपायला सुरुवात केली, तर वाचला. आणि ताई, ब्रशला हात लावाल तर याद राखा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने काकांना फोन लावला. लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. एका दमात सगळं सांगून टाकलं. "काका, तुमच्या उपकारांची मी अशी फेड केली," ती म्हणाली.

पलीकडून आधी हसू ऐकू आलं, खो-खो. "दगड धुतलेस? मला तुझी खोडी ठाऊक होती, मीच सांगायला हवं होतं." मग आवाज खाली आला. "आणि उपकार कसले? माझी बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दुपारी घर खायला उठायचं. तुझ्या नवऱ्याजवळ खुर्ची होती, म्हणून मी तगलो. आभार मी मानायचे होते. मला कधी जमलं नाही."

आजवर वाफमावशीला वाटायचं, देणं एकट्या तिच्याच गळ्यात आहे.

तेवढ्यात तिचं लक्ष काचेकडे गेलं. नवरदेव नव्या दगडावर ओणवा झाला होता. एक टिपला. सरकला. दुसरा टिपला.

"काका, खातोय!"

"खरंच?"

"तिसरा. हा चौथा. अहो, थांबतच नाहीये."

पलीकडून काकांनी पाचवा, सहावाही मोजून घेतला. मग काका म्हणाले, "बरं, तुला कामं असतील. ठेवू फोन?"

तिने खुर्ची टाकीसमोर ओढली.

"नका ठेवू," ती म्हणाली. "बसा थोडा वेळ."