पोचवलं एकदाचं

ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

डिलाईल रोडच्या चाळीतला एक चाळिशीचा माणूस आमच्या पोलीस ठाण्यात आला. त्याची सत्तरीची आई आदल्या दिवसापासून बेपत्ता होती. मिसिंगची नोंद घेतली, फोटो घेतला, वर्णन इतर ठाण्यांना कळवलं.

दुपारी त्याच चाळीतली एक शेजारीण आली. "साहेब, माझं नाव नको. त्याची बायको काल फोनवर बोलत होती, मी भिंतीपलीकडून ऐकलं. म्हणाली, 'पोचवलं एकदाचं. सुटल्या बिचाऱ्या.' तिनेच सासूला संपवलं!"

आपल्याकडे स्मशानात नेण्यालाही पोचवणंच म्हणतात. त्यामुळे संशय अगदीच वेडा नव्हता. पण बाईने ऐकले होते ते फक्त शब्द. खून तिने स्वतः जोडला होता. मी ते दोन्ही वेगवेगळं लिहून घेतलं.

महिला हवालदाराला आणि एका शिपायाला घेऊन मी त्या खोलीत गेलो. सून खाली मान घालून उभी होती. सासू कुठे, फोन कुणाला केला, सगळ्याला एकच उत्तर, "माहीत नाही." नवरा दारातच उभा होता.

"कधी सापडेल साहेब? शुक्रवारी तिची सही लागणार आहे. खोली माझ्या नावावर व्हायचीय."

आई हरवलेला मुलगा आधी विचारतो, बरी असेल ना? याने ते एकदाही विचारलं नाही.

मी खोली पाहिली. म्हातारीच्या गोळ्या नव्हत्या, चष्मा नव्हता. देव्हाऱ्यात बाळकृष्णाची जागा रिकामी होती. नवऱ्याला मी शिपायाबरोबर ठाण्यात पाठवलं आणि सुनेला खाली बसायला सांगितलं.

"मारायला नेलेल्या माणसाबरोबर कुणी त्याचा देव बांधून देत नाही. सासूबाई जिवंत आहेत. कुठे आहेत ते नंतर सांगा. का गेल्या?"

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "सहीसाठी त्यांचा हात पिरगळला हो ह्यांनी. मध्ये पडले तर मलाही मारलं. मग मीच सासूबाईंना शीवला त्यांच्या बहिणीकडे सोडून आले. फोनवर फक्त माझ्या आईला सांगितलं. बाकी कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय त्यांनी."

शीवला गेलो. म्हातारी गळ्यातल्या झोळीत हात अडकवून बसली होती. मला पाहताच कडाडली, "माझ्या सुनेक धरून ठेवलंस काय रे? तिका सोड आधी!"

तिने स्वखुशीने घर सोडल्याचा जबाब दिला. मुलाविरुद्ध तक्रारही दिली. मिसिंगची नोंद बंद झाली आणि मुलावर गुन्हा दाखल झाला.

तर्क केल्याशिवाय पोलिसाचं पान हलत नाही. पण ऐकलेल्या एका शब्दावर तर्क उभा करू नये. माणूस काय बोलला त्याइतकंच, काय बोलला नाही आणि घरातून काय गेलं, हेही बघावं लागतं. शेजारीण खोटं बोलली नव्हती. तिला फक्त अर्थ लावायची घाई झाली होती.

सासू जिवंत आहे हे मी ओळखलं होतं. सुनेचं पुढे काय, याचा मात्र मी विचारच केला नव्हता. संध्याकाळी जबाबावर सही करून ती घुटमळली.

"साहेब, मीपण गेले तर ते माझीही मिसिंग देतील?"

"तुम्ही आत्ता आम्हाला सांगून जा. म्हणजे कुणी दिली तरी उत्तर आमच्याकडे असेल."

घरी परत जायचंच नाही, असं तिने तिथेच सांगितलं. हवालदारबाईंनी तिला नेसत्या साडीनिशी जीपमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "शीव."