काचेची कड

गल्लीत त्यांना सगळे बाटलीवाले आजोबा म्हणत आणि या नावाचा त्यांना मनस्वी राग होता. आयुष्यात त्यांनी एकही बाटली केलेली नव्हती. बाटल्या यंत्र करतं, साच्यात घालून, एकीसारखी दुसरी. आजोबा प्रयोगशाळांसाठी काच फुंकत असत. गोल बुडाचे चंबू, वाकड्या मानेच्या नळ्या, नळीच्या पोटात दुसरी नळी. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण हात अजून कामावरच होते. चहाचा कप हातात आला की बोटं तो आपोआप फिरवू लागत. ज्योतीवरची नळी फिरवायची थांबलं की काच लोंबते आणि केलेलं सगळं वाया जातं, हे बोटांना इतकं ठाऊक होतं की कारखान्याला कुलूप लागल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. कप फिरायचा, चहा बशीत सांडायचा आणि आजी म्हणायच्या, "काच नाही हो ती, चहा आहे. सरळ प्या."

कारखान्यातून घरी आलं होतं ते दोनच प्रकारचं. एक म्हणजे जाड कापडाचा काळा एप्रन, जो ते घरात काहीही पुसायला बसले तरी गळ्यात अडकवत. आणि दुसरी म्हणजे स्वतःच्या हातची थोडी काच, माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या कपड्यांत गुंडाळून ठेवलेली. त्यातच एक नळी होती. बाहेरून हातभर लांब, सरळ. आत काचेचीच गुंडाळी, स्प्रिंगसारखी, वरपासून खालपर्यंत वेटोळी घेत गेलेली आणि दोन टोकांचे जोड सोडले तर बाहेरच्या भिंतीला कुठेही न टेकलेली. गुंडाळीतून वाफ सोडायची, भोवतीनं गार पाणी खेळवायचं, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी होतं. गिऱ्हाइकानं न्यायच्या आधीच कारखाना बंद झाला आणि नळी आजोबांकडे राहिली. त्यांच्या मते हातून झालेलं ते सर्वांत अवघड काम होतं, आणि ते कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणजे आजींनी पाहिलं होतं. आजींचं मत, "धुवायला कठीण."

घरात सूनबाई आली ती फोटोंचा नाद घेऊन. सकाळी ती एका दातांच्या डॉक्टरांकडे रुग्णांना वेळा द्यायचं काम करी आणि दुपारी मागच्या खोलीत चमचे, अंडी, लोकरीचे गुंडे मांडून त्यांचे फोटो काढी. हे फोटो एका वेबसाइटवर ठेवायचे आणि जगात कुणाला आपल्या मासिकात, पुस्तकात नाहीतर जाहिरातीत चमचा हवा असेल तर त्यानं तो तिथून विकत घ्यायचा, अशी ती योजना होती.

"चमच्याचा फोटो कशाला लागतो कुणाला?" आजोबांनी पहिल्यांदा विचारलं होतं. "घरात चमचा नसतो का लोकांच्या?"

"घरातला असा दिसत नाही ना, बाबा," ती म्हणाली होती.



वेबसाइटवाले मात्र कुणालाही आत घेत नव्हते. आधी परीक्षा. आपण निवडलेल्या विषयांचे फोटो पाठवायचे, तिथले तपासनीस ते बारकाईनं बघणार, आणि सगळेच्या सगळे पास झाले तरच दार उघडणार. नापास झालेला विषय बदलता येत नसे, त्याचाच फोटो सुधारून द्यावा लागे. सूनबाईचा चमचा पास झाला, अंडी पास झाली, लोकर पास झाली. काच अडली. घरात काचकाम करणारा माणूस आहे, तेव्हा एक विषय प्रयोगशाळेतली काच, असं तिनं मोठ्या हौसेनं लिहून दिलं होतं.

त्यात कॅमेरा तिच्या भावाचा. त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती आणि रविवारी जाताना तो कॅमेरा घेऊन जाणार होता. फोनवर त्यानं ते तीनदा सांगितलं होतं, प्रत्येक वेळी जरा जास्त गोड आवाजात.

मागच्या खोलीचं रूप आता असं झालं होतं: इस्त्रीच्या टेबलावर पांढरा पुठ्ठा. दोन्ही बाजूंना थर्माकोलचे तुकडे, पुस्तकांच्या आधारानं उभे. पाण्यानं भरलेल्या कॅनमध्ये झाडूचा दांडा आणि त्याला कपड्यांच्या चिमट्यांनी बांधलेला टेबललॅम्प. दिव्याच्या तोंडावर बटर पेपर, म्हणजे उजेड मऊ पडावा. बिस्किटांच्या खोक्याच्या झाकणाला आतून चांदीचा कागद चिकटवून केलेला आरसा. खोलीला एकच खिडकी आणि खिडकीबाहेर शेजारच्या घराची चुन्याची भिंत, त्यामुळे उन्हाच्या वेळी खोलीत दुधासारखा उजेड येई.

पहिल्यांदा आजोबांनी एक छोटा चंबू दिला. फोटो परत आला. कारण दिलं होतं: चित्रात व्यक्ती दिसते, तिची संमती जोडलेली नाही. सूनबाईनं फोटो मोठा करून पाहिला. चंबूच्या पोटात आख्खी खोली उलटी दिसत होती आणि त्या उलट्या खोलीच्या दारात आजी उलट्या उभ्या होत्या, हातात बादली घेऊन.

"आधी सांगायचं होतंस," आजी म्हणाल्या. "केस तरी विंचरून आले असते."

"तुझी संमती लागते म्हणे," आजोबा म्हणाले. "इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नाही."

दुसऱ्यांदा आजींना स्वयंपाकघरात बसवलं. तेव्हा एका बाजूला पिवळा बल्ब होता आणि दुसऱ्या बाजूला पांढरी ट्यूब. डोळ्यांना काही कळलं नाही, पण कॅमेऱ्यानं चंबूची डावी बाजू कावीळ झाल्यासारखी दाखवली आणि उजवी गारठल्यासारखी. परत. तिसऱ्यांदा सगळे दिवे एका रंगाचे केले. तरीही परत. आता कारण एवढंच होतं: वस्तूचा आकार स्पष्ट नाही.

जेवणं झाल्यावर सूनबाईनं थर्माकोल उचलून कोपऱ्यात उभे केले. ते आवरणं पाहून आजोबांना काय वाटलं कोण जाणे, ते स्टूल घेऊन माळ्यापाशी गेले.

"आता ही उतरवतोय," नळी टेबलावर ठेवत ते म्हणाले. "पण शेवटची खेप. नाही जमलं तर परत गुंडाळून वर. पुन्हा उतरवायला माझे गुडघे आणि तुझी सासू, दोघंही तयार होणार नाहीत."

सूनबाईनं ती नळी पहिल्यांदाच पाहिली. ती खाली वाकली, वेटोळ्यांवरून तिनं नजर वरपासून खालपर्यंत नेली आणि मग हळू आवाजात विचारलं, "आतली आत कशी घातलीत?"

आजोबांना हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी फार वर्षांची इच्छा होती. "फिरवत फिरवत," ते म्हणाले.

शनिवारी, खिडकीतला उजेड चांगला असताना, दोघं कामाला लागले. काचेला उजेड हवा, याबद्दल आजोबांच्या मनात जराही शंका नव्हती. त्यांनी पलंगाजवळचा दिवा आणला. मग विजेरी आणली. मग आजींच्या शिवणयंत्रावरचा छोटा दिवा सोडवून आणला. आजी दारातून म्हणाल्या, "स्वयंपाकघरातला बल्ब तेवढा राहू द्या. मी अंधारात मीठ ओळखू शकत नाही."

एकेक दिवा लागत गेला आणि नळी दिसेनाशी होत गेली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर, पांढऱ्या थर्माकोलमध्ये, चहूबाजूंनी उजेडात न्हालेली ती काच पाण्यात मीठ विरघळावं तशी विरघळली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिव्यांचे चार ठिपके उरले आणि मधे नुसती धुकट पट्टी. आजोबा वाकून वाकून बघत राहिले. हातभर लांबीची वस्तू समोर असून नाही.

"धूळ असेल," ते म्हणाले. "पुसतो."

एप्रन गळ्यात अडकवून ते खिडकीजवळ गेले, नळी मऊ फडक्यानं पुसली, आणि परत टेबलावर ठेवण्याआधी ती छातीशी आडवी धरून किंचित तिरपी केली. क्षणभरच. मग ठेवली.

"बाबा, आत्ता काय केलंत?"

"पुसली."

"नाही, त्यानंतर. छातीशी धरून काय बघितलंत?"

"मी कुठं काय बघितलं?"

"परत करा ना. जसं केलंत तसं."

त्यांना आठवेना. मुद्दाम करू गेले तर जमेना. शेवटी सूनबाईनं त्यांना नळी पुन्हा पुसायला लावली. पुसून झाल्यावर हात आपणहून वर आले, नळी काळ्या एप्रनसमोर आडवी झाली, तिरपी झाली. खिडकीचा उजेड बाजूनं आला आणि काळ्यावर काचेची कड लख्ख उमटली. कारखान्यात तडा शोधण्यासाठी ते प्रत्येक नग असा धरत असत. इतक्या वेळा धरला होता की आपण काही करतो आहोत हे त्यांना कळणंच बंद झालं होतं.

"दिवे बंद करा," सूनबाई म्हणाली.

"सगळे?"

"सगळे. आणि तुमचा एप्रन द्या."

आजींची धुतलेली पांढरी चादर तिनं खिडकीवर ताणून बांधली. चादरीच्या बरोबर मधे, चिमट्यांनी, काळा एप्रन लावला, घडी घालून, नळीपेक्षा थोडा मोठा राहील इतकाच. मग खिडकीसमोर टेबल ओढलं आणि एप्रनच्या समोर नळी उभी केली. आता नळीच्या मागे निव्वळ काळोख होता आणि त्या काळोखाच्या चारी कडांनी चादरीतून गाळलेला उजेड तिरपा आत येत होता.

"या बाबा. इथे डोळा लावा."

आजोबांनी कॅमेऱ्याला डोळा लावला.

आत रात्रीसारखं काळं होतं, आणि त्या काळ्यात कुणीतरी उजेडाच्या एकाच रेघेनं त्यांची नळी काढलेली होती. बाहेरच्या भिंतीच्या दोन सरळ रेघा. आत एकाखाली एक उतरत गेलेली वेटोळी, प्रत्येकाची वरची कड वेगळी, खालची कड वेगळी, केसाइतकी बारीक आणि पेटल्यासारखी. काच दिसत नव्हती, तिच्या फक्त कडा दिसत होत्या, आणि तरी काच इतकी पुरती त्यांनी कधी पाहिली नव्हती. ज्योतीवर असताना काच अशी आतून उजळलेली असते, पण तेव्हा डोळ्यांवर गडद चष्मा असतो आणि जीव हातांत असतो. बघायला सवड कुणाला. त्यांनी डोळा काढून समोर पाहिलं. टेबल, चिमटे, चादर, कॅन. पुन्हा डोळा लावला. पुन्हा ते.

किती तरी वेळ ते तसेच वाकून राहिले. आजी दारात आल्या आणि नवऱ्याची पाठ पाहून जवळ गेल्या. मग त्यांनीही डोळा लावला.

"हे आपलं ते?" त्यांनी विचारलं. "धुवायला कठीण, ते?"

"तेच."

आजी बराच वेळ पाहत राहिल्या. मग चादरीची सैल झालेली गाठ त्यांनी स्वतःच आवळली.

एक अडचण उरली होती. वेटोळी एकमेकांवर येत होती. सूनबाई म्हणायची "थोडी डावीकडे", आणि आजोबांची बोटं नळी फिरवायची, ज्योतीवर फिरवावी तशी, सावकाश, न हिसकता. एका क्षणी सगळी वेटोळी सुटी झाली आणि ती म्हणाली, "बस." बोटं थांबली. फिरणारी काच अशी मधेच थांबवायची त्यांची ही पहिलीच वेळ, पण या वेळी काही लोंबलं नाही.

संगणकावर फोटो मोठा केला तेव्हा तिला तो दिसला: वरच्या जोडापाशी, जिथे गुंडाळी बाहेरच्या भिंतीला जाऊन मिळते, काचेत एक बुडबुडा. मोहरीहूनही लहान, आणि या उजेडात चांदणीसारखा लकाकणारा.

"हा पुसता येईल," ती म्हणाली. "एका टिचकीत. नाहीतर दोष म्हणून परत पाठवतील. आता पुन्हा काढायला कॅमेरा नसेल."

आजोबा पडद्याच्या अगदी जवळ गेले. इतकी वर्षं हा बुडबुडा तिथे होता आणि त्यांच्या डोळ्यांना दिसला नव्हता. जोड लावताना नळीत फुंकर मारली होती, त्या वेळी अडकलेली हवा. म्हणजे त्यांचाच श्वास, तरुणपणीचा, त्या दिवसापासून आत बसलेला. त्यांनी पडद्यावर त्या जागी बोट ठेवलं. उष्णतेनं बोटाच्या टोकाची जाणीव केव्हाच गेली होती, तरी ठेवलं.

"कारखान्यात दिसला असता तर हा नग बाजूला काढला असता," ते म्हणाले.

"मग पुसू?"

त्यांनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं. परीक्षा तिची होती. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुझी परीक्षा आहे," ते म्हणाले. "तू ठरव. माझ्यापुरतं विचारशील तर, तो पुसलास की ती कुणाचीही नळी होईल."

सूनबाईनं फोटो तसाच पाठवला.

उत्तर रविवारी सकाळी आलं, तिचा भाऊ पुढच्या खोलीत चहा घेत असताना. पास. काचेचा पास आणि म्हणून सगळीच परीक्षा पास. खाली तपासनिसानं एक ओळ जोडली होती: कडा उत्तम. बुडबुड्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

आजोबांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचून घेतली. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"एवढा बुडबुडा, आणि दिसला नाही त्यांना? कसले तपासनीस आहेत?"

"बाबा, पास झालो आपण."

"ते झालो. पण दिसायला हवा होता."

भावानं कॅमेरा बॅगेत घातला. जाताना मागच्या खोलीत डोकावून त्यानं चादर, चिमटे आणि मधोमध टांगलेला एप्रन पाहिला, आणि स्टुडिओ कुठे आहे असं विचारलं. "हाच," आजी म्हणाल्या, आणि त्याला वाट द्यायला बाजूला झाल्या.

दुपारी भिंतीवरून उजेड परतून खोलीत आला तेव्हा सूनबाई आपला साधा मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा करून बघत होती. माळ्याखाली स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"अहो, गुडघे," आजी म्हणाल्या.

"तू ट्रंक खालून धर," आजोबा वरून म्हणाले, "आणि बोलू नकोस, यात चंबू आहेत."

आजींनी दोन्ही हात वर केले.