स्कूटरवरचा व्यायाम

जळगावच्या उन्हात हस्की पाळण्याइतका मी मूर्ख नाही. मी शहाण्यासारखा लॅब्रडॉर घेतला आणि म्हातारा होईस्तोवर त्याला शेवभाजी चारली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "रोज चालवा, नाहीतर मागचे पाय जातील." तो चालेना, म्हणून मी रोज त्याला स्कूटरवर पुढ्यात बसवून चक्कर मारून आणायचो.

कोपऱ्यावर केळीची हातगाडी लावणाऱ्या अक्कांचं नाव मला अजून माहीत नाही; माझ्या कुत्र्याचं त्यांना आहे. गिऱ्हाइकांना त्या हनुवटीनेच बोलावतात. एकदा मला तसंच बोलावून म्हणाल्या, "भाऊ, कुत्रानं वजन कमी करनं शे का पेट्रोलनं?" आणि अर्धं केळं सोलून समोर धरलं. पठ्ठ्या आपणहून उतरला आणि त्यांच्यापर्यंत चालत गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची गाडी रोज विजेचा एकेक खांब पुढे सरकू लागली. विचारलं तर म्हणाल्या, "आठे सावली चांगली शे." सावली कुठेच नव्हती.

आता कुत्रा पार शाळेपर्यंत चालतो. मी मागून हळूहळू स्कूटर चालवतो. परवा अक्कांनी आम्हा दोघांना नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "कुत्रं तं सुदरनं, भाऊ. आते डॉक्टरले सोताले दखाडा."