बाकावरची माय

“मनचं काई टाकत नाई हां मी. पाह्यलं तेवढंच सांगतो.”

तण काढायला निंदणाची पात, म्हणजे आपली ओळ, धरली की मावशी आधी हे वाक्य म्हणायची आणि मग सिनेमा सांगायला लागायची. वडनेरला आमच्या शेतात येणाऱ्या बायांमध्ये ती सगळ्यात म्हातारी. पण मधली पात तिचीच, कारण मध्ये बसलं की दोन्हीकडच्या बायांना ऐकू जातं. महिन्यातून एकदा हिंगणघाटला जायची, सिनेमा पाहायची आणि आठवडाभर तो कपाशीच्या पऱ्हाटीत आम्हाला वाढायची. मी या घरची सून. बायांसोबत निंदायचं कशाला, असं सासूबाई म्हणायच्या. सिनेमासाठी जाते हे त्यांना कसं सांगणार?

तिची सांगायची रीत ठरलेली होती. गाणं आलं की “इथं गाणं आहे” एवढंच म्हणायची, आणि बाया उठून पाणी पिऊन यायच्या. हाणामारी आली की “इथं मारामारी आहे” म्हणून गप्प व्हायची. तेवढ्या वेळात सगळ्याजणी मान खाली घालून भराभर निंदायच्या. कुणी मधेच “मंग तिनं थोबाडीत मारली असन” म्हटलं, तर मावशी विळा खाली ठेवायची. “मारली नाई. मारली असती तं मी सांगतलं नसतं का वो?” सिनेमावाल्यांनी तिला साक्षीदार म्हणून नेमलं होतं जणू.

एका मोठ्या मारधाडीच्या सिनेमाचा पहिला भाग तिने सांगितला, तेव्हा सुमनकाकू तिच्या शेजारच्या पातीवर होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. सिनेमात हिरोची माय रेल्वे स्टेशनच्या बाकावर डबा घेऊन बसते. “तू आल्याबिगर मी जेवत नाई,” असं पोराला सांगते, पोरगा गुंडांच्या मागे जातो, आणि तिथेच सिनेमा संपतो. पुढचं दुसऱ्या भागात.

“म्हणजे थे बसूनच राह्यली?” सुमनकाकूने विचारलं.

“बसूनच आहे. डबा मांडीवर.”

सुमनकाकू उठून शेताच्या कडेला धुऱ्यावर गेली आणि बराच वेळ तिकडेच राहिली. तिचा एकुलता एक मुलगा बापाशी भांडून पुण्याला गेला होता. बाप वारला तरी आला नव्हता. हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून कुणी तिला हाक मारली नाही.

दुसरा भाग यायला चार वर्षं लागली. तोवर सुमनकाकूच्या पोटात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मावशी रोज तिच्याकडे जायची. काकूचा प्रश्न एकच. “आला का वो थो सिनेमा? पोरगं येते का मायजवळ?”

शेवटी आला एकदाचा. मीच मावशीला स्कूटीवर हिंगणघाटला नेलं. तुम्ही तो पाहिला असेल तर काय सांगायचं? आणि नसेल पाहिला तर काही बिघडलं नाही. गाड्या उडाल्या, पूल पडला, हेलिकॉप्टर इमारतीत घुसलं. हिरोने एकट्याने दोनशे माणसं लोळवली आणि त्याच्या केसांचा भांग काही मोडला नाही. लोक शिट्ट्या मारत होते. मावशी खुर्चीच्या टोकाला येऊन बसली होती, आता येईल, मग येईल म्हणून. नावं संपली, दिवे लागले, झाडूवाली आली. बाक काही दिसला नाही.

बाहेर आल्यावर तिने मला हळूच विचारलं, “तुले दिसली का थे? माहा डोया लागला असन.”

“नाही मावशी, दाखवलीच नाही.”

तिला पटलं नाही. एवढ्या पैशेवाल्या माणसांना मायचा विसर कसा पडेल? दुसऱ्या दिवशी मजुरीचा रोज बुडवून ती एसटीने एकटी परत गेली आणि पुन्हा बघून आली. त्या माणसांची चूक तिने आधी स्वतःच्या डोळ्यांवर घेतली. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

शेतात बायांनी घेरलं. “सांग ना वो मावशी!”

“इथं मारामारी आहे,” ती म्हणाली.

सगळ्या निंदायला लागल्या. पात संपली. “मंग?”

“अजून मारामारीच आहे.”

त्या दिवशी दुपारपर्यंत अख्खं वावर निंदून झालं. सासरे खूश झाले. असाच सिनेमा रोज पाहत जा म्हणाले.

संध्याकाळी आम्ही दोघी सुमनकाकूकडे गेलो. ती ओसरीवर खाटेवर होती, अंगात काही उरलं नव्हतं. “आला का पोरगा?” तिने विचारलं. मी मावशीकडे पाहिलं. मावशीने पदराने तोंड पुसलं. ते नेहमीचं वाक्य ती त्या दिवशी म्हणाली नाही.

“आला ना वो. बाकापाशी आला. म्हणे, माय, भूक लागली. यानं डबा उघडाले हात लावला तं मायनं हात धरला. म्हणे, थांब, थे शिळं झालं. स्टेशनातच तीन दगडं मांडले, भाकर टाकली. पोरगा तिथंच खाली बसून जेवला.”

“काय होतं संग?”

“ठेचा. अन् चुनाची वडी.”

चुनाची, म्हणजे बेसनाची, वडी सुमनकाकूच्या मुलाला आवडायची. काकूने डोळे मिटले. “मंग माय जेवली का?”

“जेवली. पोरानंच घास देल्ला.”

आठव्या दिवशी सुमनकाकू गेली. मुलगा तेराव्याला आला.

त्यानंतर मावशीने सिनेमा सांगितला नाही. मधल्या पातीवर कुणाचा तरी मोबाइल वाजायचा. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाली, “तिसरा येनार आहे म्हणते. त्यात माय मेलेली दाखवली तं? मी मरत्या बाईले खोटं सांगतलं, असंच होईल ना?” तिच्या जिवाला तो घोर लागून राहिला होता आणि मला हसावं की रडावं ते कळेना.

तिसरा भाग यंदा आला. तेव्हा मावशी वर्ध्याला दवाखान्यात होती, श्वासाच्या त्रासाने. मी नागपूरला तो पाहिला आणि तिला भेटायला गेले.

“पाह्यला?” नाकातली नळी सांभाळत तिने विचारलं. “माय आहे का त्यात?”

मी गोड काहीतरी रचणार होते. तिने माझं मनगट धरलं. “मनचं टाकू नको.”

“नाही मावशी. तिचं नावसुद्धा नाही.”

तिचा चेहरा सैल पडला. “म्हणजे त्याईनं दुसरं काई दाखवलं नाई. मंग माह्यावाली खोटी नाई पडली.”

“नाही पडली.”

“जेवली मंग थे,” मावशी म्हणाली आणि झोपली. पुढच्या आठवड्यात ती गेल्याचा निरोप आला.

यंदा निंदणाला मधली पात रिकामी होती, म्हणून मीच धरली. मला काही तिच्यासारखं सांगता येत नाही. पण एकीने विचारलंच, त्या बाकावरच्या मायचं पुढे काय झालं म्हणून. मी सांगितलं. तीन दगडं, भाकर, चुनाची वडी, पोराने दिलेला घास.

“तुमी स्वता पाह्यलं का?”

“हो,” मी म्हटलं. “मावशीसोबत पाहिलं.”